फ्रीशिपवाल्यांचं ‘माहीत नाही’

“फ्रीशिपवाले, मागच्या दोन बाकांवर या.”

सर फळ्यापाशी उभे राहून बोलले. धुळ्यात बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे मी. वर्ग गच्च भरलेला. आम्ही दप्तरं उचलून मागे गेलो. कुणाची फी सरकार भरतं, म्हणजे कुणाची जात काय, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पण असं सगळ्यांदेखत उठून चालत जावं लागलं नव्हतं.

सरांना संशोधनाचा पेपर छापायचा होता. औषधांतल्या नॅनोतंत्रज्ञानाची फार्मसीच्या पोरांना कितपत जाण आहे, यावर. आधी एक फॉर्म, मग सरांची कार्यशाळा, मग तोच फॉर्म पुन्हा. पहिल्या फॉर्मात अंधार दिसला तरच सरांनी उजेड पाडला असं दिसणार.

“तुम्ही सगळीकडे ‘माहीत नाही’वर टिक करा,” सर आम्हाला म्हणाले. “खोटं थोडंच आहे ते? बाकीच्यांनी खरं लिहा.”

पुढची बाकं खदखदून हसली. तेवढ्यात शिपाई समोसे घेऊन आला. “मागे आधी दे,” सर म्हणाले, “यासाठीच तर येतात.”

किळस आली. त्या तेलकट वासाची, सरांच्या हसण्याची, मुकाट मागे चालत आलेल्या माझ्या पायांची. शेजारची पोरगी एका हातात समोसा धरून भराभर टिक करत सुटली. तिचा राग नाही आला असं म्हणणार नाही. आला.

मी प्रश्न वाचले. नॅनो औषधं कर्करोगात वापरतात का? त्यांचे दुष्परिणाम ठाऊक आहेत का?

माझी आई सावद्याला असते. केळीच्या बागांत मजुरी करायची. आता तिला स्तनाचा कर्करोग आहे. जळगावला तिला जे इंजेक्शन देतात, त्यात औषध चरबीच्या अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो कणांत बंद केलेलं असतं. आईचं हृदय कमजोर, म्हणून डॉक्टरांनी ते निवडलं. खोक्यावरचं नाव वाचून मी लायब्ररीत बसले आणि सगळं शोधून काढलं. हृदयाला त्रास कमी, पण तळहात-तळपाय भाजल्यासारखे लाल होतात, सोलतात. आईला भाकरी थापता येत नाही. घरी गेले की मलम मी लावते.

आणि मी ‘माहीत नाही’ लिहायचं?

मी खरं लिहिलं. सगळं. वर रोल नंबरही लिहिला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर नवा कोरा फॉर्म.

“सर, मला हे माहीत आहे.” आईचं सांगितलं. तिच्या हातांचंही सांगितलं.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुला माहीत असून मला काय उपयोग? टिक कर. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याकडे आहेत.”

आईच्या सोललेल्या हातांवरून हा माणूस सरळ टिकवर आला. मला तिथेच, त्याच्या टेबलावर ओकावंसं वाटलं. मी फॉर्म तसाच त्याच्याकडे सरकवला.

“नाही करणार.”

“माजलात तुम्ही लोक.” हे मात्र तो हळू म्हणाला. दार उघडं होतं.

शनिवारी घरी गेले. आई पंख्याखाली हात पसरून बसली होती. तिला सगळं सांगितलं.

“मार्क कमी करतीन का ते?”

“करतील.”

“करू दे. माह्या हाताचं तुले माहीत नाही, असं लिहिशीन का तू?”

सोमवारी कार्यशाळा आहे. एका दुपारीत आम्ही सगळे शहाणे होणार, तेही सरांच्या कृपेने. फोटो निघतील. मी जाणार आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसमोर उभी राहून सांगणार आहे, पहिला फॉर्म कुणाकडून आणि कसा भरून घेतला ते. नापास करायचं तर करा, पुन्हा बसेन परीक्षेला. पण माझ्या नावापुढे ‘माहीत नाही’ लिहून घेणं यापुढे कुणाच्या बापाला जमणार नाही.