लाईन क्लिअरची गोटी

गाडी सोडण्याआधी चाचा समोरच्याकडं संशयानं बघायचे आणि विचारायचे, "लाईन क्लिअर हाय का?"

समोर काय, तर टेबल, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ आणि वीतभर लांबीची दोन इंजिनं. तरी कुणी "हाय" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. म्हटलं तरी ते स्वतः वाकून बघायचेच. खात्री असूनही कुलूप दोनदा ओढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाचा त्यातले.

दौंडला ते आमच्या शेजारी राहायचे. हयात रेल्वेच्या केबिनमध्ये गेली. एकेरी लाईनवर, समोरून गाडी नाही याची खूण म्हणून, ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी पुढं जात नसे. घरच्या टेबलावर त्या गोळ्याच्या जागी एक निळी गोटी होती. गोटी ज्याच्या हातात, त्याचीच गाडी.

सगळं जुन्या पद्धतीचं. ट्रान्सफॉर्मरची चकती फिरवायची, रुळातला करंट वाढला की गाडी पळायची. रुळाच्या तुकड्या-तुकड्याला वेगळं बटण.

एका वर्षी गाडी धक्के खात निघायला लागली. "ट्रान्सफॉर्मर बिघडलाय," चाचा म्हणाले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. उघडून तपासला. ठणठणीत होता.

"मग तुमच्या डिग्रीत बिघाड आसंल, बीएस्सी."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. चकतीवरची बोटं थरथरत होती. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं आणि हात खिशात घातला.

मी पुण्याहून वापरलेला डिजिटल कंट्रोलचा डबा आणला आणि इंजिनांत चिप बसवल्या. आता रुळात करंट कायम. इंजिनाचा नंबर दाबायचा, हुकूम द्यायचा, तेवढंच इंजिन ऐकणार.

"म्हंजी एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर सोडता येत्यात?"

"येतात की," मी ऐटीत म्हणालो.

"आन् ह्याला सुधारणा म्हणता व्हय? सोडा. थांबवून दावा."

सोडल्या. तीन नंबर थांबवला. घाईत पुन्हा तीनच दाबला. पाच नंबर येतच राहिला. चाचांनी मधे तळहात उभा धरला. इंजिन त्याला टेकून जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं.

"लाईन क्लिअर नव्हती, बीएस्सी."

मी खाली मान घालून वायरी सोडवायला लागलो. चाचांनी कंट्रोलच्या डब्यावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बटण दाबणाराचा हात हालला, तर गाडीला कळतं का?"

"न्हाई चाचा."

"मग ऱ्हाऊ द्या जोडलेलं. पण गोटी ऱ्हाईल."

त्यानंतर गाडी लोण्यासारखी सुटायची. डाव्या मुठीत गोटी, उजव्या हाताचं बोट बटणावर.

चाचा गेले. चाचीनं टेबल माझ्या नव्या घरी शिरूरला पाठवलं. डबा आला, दोन्ही इंजिनं आली, फडक्यात बांधलेला जुना ट्रान्सफॉर्मरसुद्धा आला. गोटी नव्हती. चाचीनं घर पालथं घातलं.

"कुणी इचारल्याबिगर गाडी सोडंल म्हणून दडवली आसंल," ती म्हणाली.

मलाही तोच संशय आहे, आणि तो 'कुणी' म्हणजे मीच असणार. तशा गोट्या कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीभर आहेत. वायरी जोडून तीन वर्षं झाली. दोन्ही इंजिनं रुळावर अजून उभीच आहेत.