मगरीच्या जबड्यात

शिगम्याच्या चित्ररथात मी गावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणार होतो. मानशीच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या झडपेच्या, पाण्यातून मगर वर येते, त्याला तोंडात धरते आणि मग गावकऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकून सोडून देते, असा आमचा देखावा. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि कागद, थर्माकोलचे दात. खालचा जबडा चित्ररथाच्या ट्रकला पक्का बसवलेला. वरचा गिअरच्या मोटरवर, साखळीने खालीवर होणारा. ते सगळं आमच्या सुतार मेस्ताने सर्वणला, आमच्या गावी, देवळामागच्या शेडमध्ये उभं केलं.

मोटर हलवायचं काम माझ्या बायकोकडे. ती हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवते. मगरीच्या पोटात तिने एक छोटा बोर्ड बसवला होता. त्याच्या कडेला सुईसारख्या पिना, त्यांतल्या एका पिनेवर मोटर चालू-बंद करणारा रिले. प्रोग्राम पायथनमध्ये. मी सहकारी सोसायटीत कारकून, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रोज संध्याकाळी मेजावर चहा ठेवताना मी तिच्या खांद्यावरून बघायचो. स्क्रीनवर अक्षरं यायची, 'जबडा बंद', 'जबडा उघडा', आणि प्रत्यक्षात काहीच हललेलं नसायचं.

"मगर तिकडे शेडमध्ये आहे, मग हा बंद कोण होतो?" मी विचारलं होतं.

"कोणीच नाही. या खोट्या पिना आहेत," ती म्हणाली. "मी प्रोग्राममध्ये एवढंच लिहिते की ही पिन चालू कर. ती पिन कुठली, ते पायथनची लायब्ररी बाहेरच्या सेटिंगमध्ये बघते. तिथे 'खोटी' लिहिलं तर सगळं मनातल्या मनात. बोर्डाचं नाव दिलं तर खरी पिन. वायफायचा पत्ता दिला तर मी इथे बसून शेडमधली मोटर फिरवू शकते. प्रोग्राम तोच, एक अक्षर बदलायचं नाही."

मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

मिरवणुकीच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही तिघे शेडमध्ये होतो. पोदेराकडून घेतलेले उंडे पाव खाऊन झाले होते. मेस्त ट्रकच्या मागे शेपटीला रंग देत होता. बायको दारात प्लास्टिकच्या कदेलीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. मगरीच्या आतल्या बाजूचे दोन दात सुटले होते, म्हणून मी गोंदाचा डबा घेऊन जबड्यात शिरलो. गुडघ्यांवर बसलो, मान पुढे, पाठ वर.

"जरा प्रोग्राम चालवून बघते हां," ती म्हणाली. "खोट्यावरच."

"बघ," मी म्हटलं.

मगरीच्या पोटातून रिलेचा 'टिक्' असा आवाज झाला. इतका बारीक, की आधी वाटलं पाल आहे. मग साखळी ताणली गेली आणि अंधार झाला.

पाठीवर सळई टेकली तेव्हासुद्धा ती थांबेल असंच वाटत होतं. ती थांबली नाही. छाती खालच्या जबड्याला लागली. मी ओरडलो असं मला वाटतं, पण मेस्त नंतर म्हणाला की आवाज आलाच नाही, त्याने फक्त माझे पाय झाडलेले पाहिले. त्याने धावत येऊन मोटरच्या बॅटरीचा चिमटा ओढून काढला. मोटर बंद झाली. जबडा मात्र तसाच. गिअर असल्यामुळे वीज गेली तरी तो जिथे असेल तिथेच धरून राहायचा.

"वहिनी, मोटरचा दांडा! उलटा फिरवा!"

त्या दोघांनी हाताने तो दांडा फिरवून जबडा उचलेपर्यंत मी त्या अंधारात होतो. श्वास आत घेता येत होता तो घोटभर. नाकात गोंदाचा वास. मला घर आठवलं नाही, देव आठवला नाही. एवढंच वाटत होतं की आता श्वास सोडला तर तेवढीच जागा कमी होईल, म्हणून सोडायचा नाही.

बरगड्या शाबूत निघाल्या. डिचोलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून, मलम देऊन घरी पाठवलं. पाठीवर आडवा काळानिळा वळ राहिला.

बायको दोन दिवस लॅपटॉपला हात लावेना. तिसऱ्या दिवशी मीच तिच्यासमोर तो उघडून ठेवला. "काय झालं ते तरी बघ गो. नाहीतर मला झोप नाही."

तिने शोधलं. शेडमधली मोटर घरून फिरवता यावी म्हणून तिने वायफायचा पत्ता अशा जागी लिहून ठेवला होता, की लॅपटॉपवर नवी खिडकी उघडली की तो आपोआप लागू व्हायचा. 'खोटी' असं सांगितलेलं ते जुन्या खिडकीत. त्या सकाळी तिने नवी उघडली आणि हुकूम वायफायवरून खऱ्या मोटरला गेला.

"स्क्रीनवर दोन्हींत अगदी सारखंच दिसतं हो," ती म्हणाली. "'जबडा बंद' आलं आणि मी मनात म्हटलं, छान चाललंय."

तो पत्ता तिने पुसून टाकला. आता प्रोग्राम सुरू करताना कुठल्या पिना हव्यात ते दर वेळी तिनेच सांगायचं, न सांगितल्यास तो चालणारच नाही. खऱ्या पिना असल्या तर लाल अक्षरांत तसं येणार. शिवाय माझ्या हातात एक बटण. मी दाबून धरलं तरच मोटर फिरणार.

"हे बटण कुठल्या पिनेवर?" मी विचारलं.

तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "कुठल्याच नाही. हे बॅटरीच्या वायरीतच घालते. मध्ये प्रोग्राम नको."

मेस्त म्हणाला, माणूस बदलू. पण माझे संवाद दुसऱ्या कुणाला पाठ नव्हते आणि मला वाटत होतं की आता शिरलो नाही तर कधीच शिरणार नाही.

मिरवणुकीच्या संध्याकाळी डिचोलीत ढोल-ताशांनी कान बधिर झाले होते. वायफाय बंद होतं, प्रोग्राम मगरीच्या पोटातल्या बोर्डावरच चालणार होता. निघण्यापूर्वी बायकोने बोर्डाला वायरीने लॅपटॉप जोडून मला लाल अक्षरं दाखवली. 'खऱ्या पिना'. ती वाचल्यावर धीर येईल असं वाटलं होतं. उलट तळवे ओले झाले.

परीक्षकांच्या मंडपासमोर ट्रक थांबला. मी जबड्यात आडवा झालो, बटण दाबलं. 'टिक्'. सावली अंगावर आली. कपाळापासून हातभर अंतरावर असतानाच माझं बोट सुटलं. मी सोडलं नाही, ते सुटलं. जबडा अर्धवट लटकत राहिला, उघडायच्या वेळी मी पुन्हा दाबलं तेव्हाच वर गेला. खालून कुणीतरी हसलं, "मगर जांभई देते रे!" पुढच्या चौकातही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. मला दाबून धरायचं होतं, खरंच धरायचं होतं. बोट ऐकत नव्हतं. प्रत्येक वेळी खाली ट्रकच्या कडेने चालणारी बायको वर बघायची आणि जबडा उघडेपर्यंत पाऊल पुढे टाकायची नाही.

बक्षीस मिळालं नाही. मगरीचं तोंड नीट मिटतच नाही, असं परीक्षक म्हणाल्याचं कानावर आलं. ते बरोबरच होतं.

चित्ररथ सुटा करायला गेलो त्या सकाळी मेस्ताला सांगावं म्हणून मी मनाची तयारी करून गेलो, की पुढच्या वर्षी मला आत घालू नका, मी भितो. मी तोंड उघडायच्या आधीच तो सळ्या मोजता मोजता म्हणाला, "वहिनी काल येऊन गेल्या. तुम्हाला पुढच्या वर्षी गाऱ्हाणं घालणाऱ्यांत उभं करा म्हणाल्या. ट्रकवर नको, खाली रस्त्यावर."

मी घरी आल्यावर तिला काही विचारलं नाही. तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतः समोर बसली.