हेलसिंकीच्या कॅथीड्रलच्या दारात आईचे बूट

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

कॅनडातल्या किचनरहून आम्ही बारा मराठी माणसं फिनलंडच्या टूरवर आलोय. आज हेलसिंकीचं ते जुनं, पांढरंशुभ्र ल्यूथरन कॅथीड्रल पाहायला गेलो. एवढ्या पायऱ्या चढून माझ्या आईने सवयीने दारातच बूट काढले आणि हात जोडले.

"अहो वहिनी, हे काय देऊळ आहे? लोक बघतायत, बूट घाला!" ग्रुपमधले एक काका सगळ्यांदेखत ओरडले. बघत कोणीच नव्हतं. आई मात्र ओशाळली.

आत लोक डोळे मिटून बसलेले. आणि हेच काका वेदीकडे पाठ करून, फोन स्पीकरवर टाकून मुलीशी व्हिडिओ कॉलवर! "बघ गं, किती शांत आहे इथे!"

अरे, किचनरमध्ये गोरे शेजारीसुद्धा दारात बूट काढून आपल्या घरात येतात. मग आईने कुठलं पाप केलं होतं?

वर एवढा सुंदर घुमट, पण आईने मान वर केलीच नाही. शेवटपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत बसली.

काकांना काय बोलू? ते ओरडले तेव्हा मीही तिला म्हणाले होते, "आई, घाल ना पटकन."