सातव्या खान्यातला आवाज

माझ्या चुलत्यांच्या सिंथेसायझरची एकेक पट्टी बंद पडत गेली. याला तीन वर्षं लागली. गेल्या दसऱ्यानंतर तो पूर्ण मुका झाला. दिवा लागायचा, आकडे दिसायचे, पण एकसष्ट पट्ट्यांपैकी एकही वाजत नव्हती.

चुलत्यांना निपाणीत सगळे आप्पा म्हणतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी हे वाद्य तीसेक वर्षं वाजवलं. जपानी बनावटीचं, पुण्याहून जुनं घेतलेलं, पत्र्याचं अंग आणि दोन्ही टोकांना लाकडी फळ्या. आवाज साठवायला त्यात बत्तीस खाने आहेत. सातव्या खान्यात आप्पांनी स्वतः जुळवलेला आवाज होता. तो सनईसारखा सुरू व्हायचा आणि मागून पेटीचा भाता भरल्यासारखा दम यायचा. नवरी सासरी निघताना ते तो लावायचे. चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुठलंही बोलावणं आलं की "तेवढं निघतानाचं वाजवा" असं लोक आधीच सांगून ठेवत.

हा आवाज कसा जुळवला ते आप्पांनी कुठं लिहून ठेवलं नाही. आता त्यांना वरचे, बारीक सूर ऐकू येत नाहीत. तो गेला तर पुन्हा जुळवता येणार नव्हता. तो फक्त त्या यंत्रात होता, आणि नाण्याएवढ्या एका बॅटरीवर टिकून होता.

मी बेळगावात वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त झालो. रेडिओ उघडून बसायची सवय कॉलेजपासूनची. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी निपाणीला जायचो आणि सोप्यातल्या कॉटवर यंत्र उघडायचो. पहिल्या दिवशी बॅटरी मोजली. तीन व्होल्ट हवे होते, दोनच्या जरा वर होते. ती काढली असती तर खाने कोरे झाले असते, म्हणून तिच्या जोडीला नवी बॅटरी डकवली आणि मगच जुनी तोडली. आवाज तोवर शिल्लक होता की नाही, हे पट्ट्या चालू झाल्याशिवाय कळणार नव्हतं.

मग पट्ट्या उचलल्या. त्यांच्याखाली रबराची लांब फीत असते, फितीवर काळ्या टिकल्या. पट्टी दाबली की टिकली खालच्या तांब्याच्या रेघांना टेकते आणि सूर उठतो. फीत फुगली होती. मधोमध ती लाल-पिवळी झाली होती, आणि तांबं हिरवं पडलं होतं.

कारण ओळखायला मला मिनिटभर लागलं. खंडेनवमीला घरातली हत्यारं, वजनकाटा, शिलाई मशीन आणि हे वाद्य एका रांगेत मांडलं जाई. काकी पाणी शिंपडून पट्ट्यांवर पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू ओढायची आणि पुढ्यातच नारळ फोडायची. इतक्या वर्षांचं ते सगळं आत झिरपलं होतं.

आप्पांनी वाकून पाहिलं. उंदरानं केलं म्हणून सांग, असं ते मला हळूच म्हणाले. तेवढ्यात काकी चहा घेऊन आली आणि आत काय निघालं ते तिनं विचारलं. घडलं ते नेमकं सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी, मी सांगितलं.

काकीनं कप खाली ठेवला. "म्हंजे मीच मारलं म्हणायचं."

आप्पा म्हणाले, "अगं, रोज कुणी आंघोळ घातली तर देव बी सर्दीनं गप्प बसंल. हे तर वर्सातनं एकदा भिजत हुतं."

ती हसली नाही. रोज सकाळी ती त्यावरची धूळ पुसायची, ते तिनं बंद केलं. पुढच्या रविवारी चहाचा ट्रे सोप्याच्या उंबऱ्यावर ठेवून ती तिथूनच परत फिरली.

फीत आणि तिच्याखालची तांब्याच्या रेघांची पाटी मिळवायला सात महिने गेले. बेळगावातली दुकानं झाली, कोल्हापूर झालं. परदेशातून मागवलेली फीत दोन बोटं आखूड निघाली. बेळगावच्या खासबागेतल्या एका दुरुस्तीवाल्यानं टीव्हीच्या रिमोटमधल्या टिकल्या कापून चिकटवायचा सल्ला दिला. मी बारा चिकटवल्या, एकही चालली नाही. असलं वाद्य कुणाच्या माळ्यावर पडलंय का, असं शेवटी मी जुन्या वाजंत्र्यांना विचारत सुटलो. कडोलीच्या पुढच्या एका गावातून होकार आला.

घर शेतकऱ्याचं. वाजवणारे वारले होते, मुलगा बेळगावात नोकरीला. त्यांच्या पत्नीनं, सत्तरीच्या आक्कांनी, वाद्य ठेवलेली लाकडी पेटी बाहेर काढायला लावली. तेच वाद्य, त्याच बनावटीचं. मी उघडलं. फीत कोरडी, तांबं स्वच्छ. पेटीच्या झाकणावर मात्र हळद-कुंकवाचे थरावर थर होते.

मी विचारलं तर आक्का म्हणाल्या, मालकांनी कधी पेटी उघडून पूजा करू दिली नाही. म्हणायचे, आतल्याला झाकणावरनं पोचतंय. मी निपाणीचं सगळं सांगितलं, काकीचंही. त्यांनी वाद्य माझ्याकडं सरकवलं.

"आतलं काय लागंल ते न्या. वरनं हाय तसं दिसलं पायजे. दसऱ्याला आमी मांडतो त्याला."

मी फीत आणि पाटी काढून घेतली, पट्ट्या जागच्या जागी बसवल्या, स्क्रू आवळले. वरून काही कळत नव्हतं. निघताना आक्कांनी तांदळाची पिशवी हातात दिली. "तुमच्या काकीला म्हनावं, मनाला लावून घिऊ नगा. मला बी म्हाईत नव्हतं, मालक बोलले म्हनून वाचलं."

पुढच्या रविवारी निपाणीत फीत बसवली. काकी स्वयंपाकघरात होती. आप्पांनी सातचं बटण दाबलं, पण पट्टीवर बोट ठेवायला वेळ लावला. मग ठेवलं. सनईसारखी सुरुवात झाली, मागून भात्याचा दम आला. भांड्यांचा आवाज थांबला. नवरी निघतानाचं ते अर्धंच वाजवून ते थांबले, कारण काकी दारात येऊन उभी होती.

मी आक्कांचा निरोप दिला. झाकणाचंही सांगितलं. काकीनं ते दोनदा विचारून घेतलं, पूजा झाकणावर करायची, पाणीसुद्धा झाकणावर, हे असंच ना. मग ती म्हणाली, "आमच्याकडं पेटीच न्हाय."

हे खरं होतं. इतकी वर्षं वाद्य चादरीत गुंडाळून टेम्पोतून फिरलं होतं.

पेटी निपाणीतल्याच एका सुताराकडून करून घेतली. माप द्यायला काकी स्वतः गेली, आणि झाकणाला फट राहता कामा नये, हे त्याला तिनंच बजावलं. यंदाच्या खंडेनवमीला मी गेलो तेव्हा बंद पेटी विळा, वजनकाटा आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत मांडलेली होती. काकीनं झाकणावर पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू ओढलं. नारळ तिनं अंगणात नेऊन फोडला, हात पदराला पुसले, आणि आत येऊन आप्पांना म्हणाली, "आता काढा भाईर. अर्धंच वाजवलं हुतं तुमी."