न लिहिलेला विरोध

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं बायको म्हणते. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावरही मी राजारामपुरीत कुठल्या गल्लीत थांबून जिलेबी खातो, हेसुद्धा. पण एक गोष्ट तिला ठाऊक नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही. आजवर ती माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? – कदाचित तुम्ही अक्कांना पाहिलेलं नाही म्हणून. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

आधी आमच्या संस्थेबद्दल सांगतो. मुद्द्यावर यायला मी वेळ लावतोय, हे मलाही कळतंय. पण संस्था सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कोल्हापुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची आर्थिक-सामाजिक संशोधनाची छोटी संस्था होती. सरकारची नाही, विद्यापीठाची नाही, कुठल्या पक्षाची तर मुळीच नाही. हुपरीत घरोघरी पैंजण करणाऱ्या बायका दिवसाला किती तास पाठ मोडून बसतात, शाहूवाडीकडच्या मुली शाळा का सोडतात – असले प्रश्न घेऊन आमची माणसं एसटीने फिरायची आणि दिसेल ते लिहायची. संस्थेच्या घटनेत एक कलम होतं. संशोधन छापण्याआधी कुठल्याही देणगीदाराला दाखवलं जाणार नाही. हे कलम अक्कांनी भांडून घालायला लावलं होतं.

अक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातल्या. संस्था काढणाऱ्या पाचजणांपैकी एक. घरात कानडी, बाहेर आपली रांगडी मराठी, आणि समोर कलेक्टर असला तरी आवाज तोच. मला त्या ‘तम्मा’ म्हणायच्या. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात. मी मलकापूरचा, शिंप्याचा मुलगा. कोल्हापुरात माझं कुणी नव्हतं. पहिली दोन वर्षं सणावाराला मी जेवलो ते त्यांच्याच घरी.

मी लागलो संशोधक म्हणून. पण माझं अक्षर चांगलं आणि वाचायला आवाज बरा – त्याचा मला भारी गर्व होता, अजूनही थोडा आहे – म्हणून कार्यकारी मंडळाचं प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि हळूहळू सचिवपदच गळ्यात पडलं. प्रोसिडिंग म्हणजे सभेची वही. कोण काय म्हणालं, कुठला ठराव झाला, ते मी शाईने लिहायचं. पुढच्या सभेत ते मोठ्याने वाचायचं, आणि मग सगळ्यांनी खाली सह्या करायच्या. सह्या झाल्या की ते कायम. त्यानंतर त्या वहीत जे आहे तेच घडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरकारी प्रकल्प आटले, पगार रखडले, दोन चांगली माणसं संस्था सोडून गेली. अशा वेळी एक गृहस्थ पुढे आले. चंदगडकडे काजूचे कारखाने, दोन शाळा, एक पतसंस्था असा त्यांचा पसारा. त्यांना मी इथे नुसतं साहेब म्हणतो. संस्थेला स्वतःची इमारत बांधून देतो, वर कायम निधीही देतो, असं त्यांनी कळवलं. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं आमचं. अटी तीन होत्या. मंडळावर त्यांची दोन माणसं घ्यायची. प्रत्येक अहवाल छापण्याआधी त्यांच्याकडे ‘अवलोकनार्थ’ पाठवायचा. आणि हा ठराव सर्वानुमते झालेला हवा, म्हणजे उद्या कुणी धर्मादाय कार्यालयात तक्रार घेऊन जायला नको. ‘अवलोकनार्थ’ हा शब्द माझा. त्यांच्या पत्रात ‘तपासून घेण्यासाठी’ असं होतं. मी तो जरा सभ्य केला.

सभेत सगळ्यांनी मान डोलावली. अक्कांनी नाही. त्या म्हणाल्या, “पैसे नकोत असं मी म्हणत न्हाय. पण ज्याच्याबद्दल लिवायचं त्यालाच आधी दाखवायचं, तर मग लिवायचं तरी कशाला? माझा विरोध हाय. तम्मा, नावासकट लिही.”

मी कच्च्या वहीत लिहिलं. शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी घरी बोलावलं. ते निवृत्त प्राध्यापक, स्वभावाने मऊ, कुणाला वावगं बोलणार नाहीत. ‘खोटं लिही’ असं ते म्हणालेच नाहीत. एका ओळीपायी संस्था बुडवायची का, एवढंच त्यांनी विचारलं. अक्कांचा एक विरोध असला तरी ठराव बहुमताने होणारच होता, मग बिघडलं कुठे? आणि नव्या इमारतीत पूर्णवेळ संचालक लागेल, तुझ्याशिवाय आहे कोण – हे चहा ओतता ओतता. मी ‘बघतो’ म्हणालो. काय बघणार होतो? घरी आलो, पेन भरलं आणि लिहिलं : ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ अक्षर नेहमीसारखंच आलं.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. तेवढाच असता तर कदाचित मी अध्यक्षांच्या नावावर खपवलाही असता.

पुढची सभा आली. त्या वर्षात अक्कांच्या डोळ्यांत काचबिंदूने ठाण मांडलं होतं. वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा दिसेनासे झाले होते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तेवढा भाग भरभर उरकायचा, असं मी ठरवून गेलो होतो. पण अक्का म्हणाल्या, “त्या ठरावाचं जरा सावकाश वाच.”

आणि मी सावकाश वाचलं. जे लिहिलेलं नव्हतं ते. ‘ठराव बहुमताने मंजूर. अक्कांनी आपला विरोध नावासह नोंदवण्यास सांगितले. त्यांचे म्हणणे असे की...’ त्यांची वाक्यं मला पाठ होती. नजर पानावर ठेवून, मध्ये योग्य तिथे थांबून मी ती वाचली. कसं सुचलं? – खरं सांगतो, ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. “झाक लिवलास,” म्हणाल्या. बाकीच्यांनी जे ऐकलं तेच लिहिलंय असं समजून, पान न बघताच सह्या केल्या. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. मग मी अक्कांच्या हातात पेन दिलं, त्यांचं बोट धरून नेमक्या जागेवर ठेवलं. “इथं, अक्का.” त्यांनी सही केली.

ते बोट मला अजून आठवतं. खडू धरून धरून पेर जरा वाकडं झालेलं.

इमारत झाली. मी संचालक झालो. आणि नव्या नियमाखाली गेलेला पहिलाच अहवाल निघाला काजू-कारखान्यांतल्या बायकांचा. नजर शाबूत होती तेव्हा अक्का स्वतः त्या कामासाठी चंदगडला जाऊन राहिल्या होत्या. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडं जळतं, सोलतं. त्या बायका हाताला राख चोळून दिवसभर बिया फोडायच्या. साहेबांचे कारखाने त्यात होते, म्हणून बायका आधी बोलेनात. अक्का त्यांच्या चुलीशी बसल्या, कधी कानडीत कधी मराठीत बोलल्या, आणि शब्द दिला – हे छापून येईल, कुणी दाबणार नाही, तसं आमच्या घटनेतच लिहिलंय. मग बायका बोलल्या. तो अहवाल अवलोकनार्थ गेला आणि परत आलाच नाही.

त्यांतली एक, गंगूबाई, वर्ष-दीड वर्षाने पहाटेची एसटी धरून अक्कांच्या दारात आली. “पुस्तक निघालं का ओ, अक्का?” एवढंच तिने विचारलं. अक्कांनी तिला जेवू घातलं आणि पुढच्याच सभेला रिक्षा करून त्या संस्थेत आल्या. मंडळावरून त्या तोवर उतरल्या होत्या. त्या दिवशी टेबलाभोवती जुन्यांपैकी अध्यक्ष आणि मी, दोघेच. बाकी साहेबांचे वकील आणि नवी माणसं. अक्का उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ह्या ठरावाला माझा लेखी विरोध आहे, त्याची नक्कल द्या, मी धर्मादाय कार्यालयात जाणार.

वकिलांनी वही मागवली, पान काढलं आणि वाचलं. सर्वानुमते मंजूर. “खाली तुमचीच सही आहे, बाई.”

अक्कांनी माझ्या दिशेने – म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिथे – तोंड वळवलं. “तम्मा, तू वाचून दाखवलतंस की मला. ह्या कानांनी ऐकलंय मी.”

त्या क्षणी एकच शब्द पुरला असता – हो. नोकरी गेली असती, थोडी बेअब्रू झाली असती. बास. माणसं त्यातून उठतात.

मी म्हणालो, “अक्का, विरोध तुम्ही बोलून दाखवला होता. पण मग सगळ्यांनी समजावल्यावर तुम्हीच हो म्हणालात. तेच लिहिलं, तेच वाचलं. तुमच्या लक्षात राहिलेलं नाही. या वयात होतं असं.”

“व्हय?” त्यांनी विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस विचारतं तसा होता. पुन्हा म्हणाल्या, “व्हय काय, तम्मा?”

“हो, अक्का.”

“मग माझंच चुकलं आसंल,” असं म्हणून त्या वळल्या. दाराची चौकट हाताने चाचपली. उठून त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही मी गेलो नाही.

चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुलं हजेरीच्या क्रमाने सांगणारी ती बाई. त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. हे मला त्यांच्या भाचीकडून कळत गेलं, आणि दर वेळी मी ‘अरेरे’ म्हणत गेलो. कुणी जुनी आठवण विचारली की अक्का म्हणायच्या, मला आठवतंय तसंच झालं आसंल असं न्हाय बाबा, दुसऱ्या कुणाला तरी विचार. जेवण झालं का, हेसुद्धा भाचीला विचारून खात्री करायच्या. डॉक्टरांना त्यांच्या डोक्यात काही बिघाड सापडला नाही. कसा सापडेल? गंगूबाईला त्यांनी निरोप पाठवला होता, की पुस्तक निघायचं न्हाय, आणि त्या कागदावर सही माझीच हाय. डोळे काचबिंदूने नेले होते. उरलेलं मी नेलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्या गेल्या. शोकसभेचा ठराव मीच लिहिला, मीच वाचला. आवाज जड झाला, लोकांनी त्याचंही कौतुक केलं. अहवालाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. आता मी निवृत्त आहे, साहेब नाहीत, अध्यक्ष नाहीत, कुणाची भीती नाही. तरी ती मी अजून कुणाला दिलेली नाही.

एक राहिलं. ते सांगावं लागू नये म्हणूनच बहुधा मी इतका वेळ बाकीचं सांगत बसलो.

त्या सभेनंतर आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी अक्का आमच्या घरी आल्या. भाचीचा हात धरून, जिना चढून. सोबत डब्यात शेंगाच्या पोळ्या, दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या. बायको खूश झाली, चहा टाकायला आत गेली. अक्का खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या, परक्याच्या घरी बसावं तशा. मग म्हणाल्या, “तम्मा, चार लोकांत मी तुला खोटं पाडाय निघालते. तू लेकरासारखा माझ्या घरात जेवलास आन् मी तुझ्यावर आळ घेतला. माझं डोकं आता ठिकाणावर न्हाय रे. मला माफ कर.”

आणि त्यांनी हात जोडले. हात माझ्याकडे नव्हते, थोडे डावीकडे, भिंतीकडे होते.

आत चहाची भांडी वाजत होती. भाची खाली मान घालून बसली होती. मी खुर्ची सरकवली, त्यांचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले.

“जाऊ द्या, अक्का,” मी म्हणालो. “मी मनात ठेवलेलं नाही. केलं माफ.”

त्यांना फार बरं वाटलं. चहा घेऊन गेल्या. डब्यातल्या दोन पोळ्या मी तेव्हाच खाल्ल्या.