देवमाशाच्या होडीत भोपळा

दोन हजार तेवीस साल. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं. पोरानं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना मालवणला नेलं. देवमासा दिसतोय म्हणून होड्या भरून माणसं जात होती, अन् बायकोला तो बघायचाच होता. आमच्या लोहाऱ्याकडची, कोरड्या मुलखातली बाई, पोहणं तर सोडाच, गुडघाभर पाण्यात सुद्धा कधी उतरली न्हाय.

होडीवाल्यानं सगळ्यांना नारंगी जाकिटं घालायला लावली. त्याशिवाय तो होडी सोडत नव्हता, म्हणून मी गप घातलं. किनारा लांब गेल्यावर बक्कलं काढली अन् जाकीट बुडाखाली घेतलं. आमच्याकडं पोहायला शिकणाऱ्या लेकराला वाळका भोपळा बांधतात. एकदा पोहता आलं की तो सुटतो, पुन्हा अंगाला लावत न्हायत. मी लहानपणीच भोपळा सोडलेला माणूस.

"आप्पा, जाकीट घाला," पोरगा दबक्या आवाजात म्हणाला.

"भोपळा बांधून बसायला मी काय लेकरू हाय व्हय?"

"आपली विहीर न्हाय ही."

"पाणी ते पाणीच."

बायकोनं बी बक्कलं काढली अन् जाकीट मांडीवर ठेवलं.

"घाल ते," मी म्हणलं.

"तुम्ही घाला, मग मी घालते."

"तुला पोहता येत न्हाय."

"ठाव हाय. तुम्ही बुडाल्यावर मी एकटी तरंगून काय करू?"

तेवढ्यात होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. होडी लाटेवर आडवी झाली. आमच्या बाजूला फुस्सकन फवारा उडाला, अन् मागनं काळी पाठ वर आली. होडीपेक्षा लांब. सरकतच होती, संपंना. बघायला सगळी माणसं आमच्याच बाजूला धावली, तशी होडी कलंडली. काठावरनं पाणी आत आलं, बायकोचं लुगडं भिजलं.

"बसा खाली, जागेवर बसा," होडीवाला ओरडला.

तिच्या मांडीवरचं जाकीट पायात पडलं. तिचा एक हात फळीवर, एक माझ्या मनगटावर. बोटं गार पडली होती. ती देवमाशाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. विहिरीतनं मी तिला एका दमात वर काढली असती. इथं कुठल्या बाजूला पोहायचं, तेच समजंना.

मी बुडाखालचं जाकीट ओढलं. बक्कल लागंना. पोरानं हात पुढं केला, तो झटकला. माझं मीच लावलं. मग तिनं घातलं.

तोवर देवमासा खाली गेला होता. किनाऱ्यावर उतरताना ती एवढंच म्हणाली, "शेपूट सुद्धा बघू दिलं न्हाय तुम्ही."

रात्रभर गाडीत बसून सकाळी गाव गाठलं. चहा बी न घेता मी गोठ्यात टांगलेला, पोराच्या लहानपणीचा भोपळा काढला, कुठं तडकलाय का ते बघितलं.

"चल विहिरीवर," मी म्हणलं. "पोहायला शिकवतो."

"आधी तुम्ही बांधा."

मी दोरी घेतली अन् कमरेला आवळली.