जुन्या सीड्या नव्या मशीनवर

"चालणार!"

"नाय चालणार, आई!"

"अरे, कंपनीनं सांगितलंय!"

"कंपनी काय तुझ्या दारात येऊन सांगून गेली?"

हे भांडण चाललं होतं कल्याणात, गेमच्या एका मोठ्या दुकानात, काउंटरवर. एका बाजूला मी, हातात सीड्यांची पिशवी. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा दिलीप. मध्ये जपानच्या कंपनीची नवीकोरी मशीन, अजून वायरीचं प्लॅस्टिकपण न काढलेली. आणि माझ्या पाठीशी माझी दोन माणसं, भास्कर कंडक्टर आणि एमआयडीसीतला विलास.

पैज अशी होती. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे माझं व्हिडिओ गेमचं दुकान. दिलीपनं वाशिंदला ब्लॉक घेतला होता आणि सारखा मागे लागला होता, "आई, पुरे झालं, दुकान बंद कर, तिकडं चल." त्यात गिऱ्हाइकं नवी मशीन मागायला लागली. मशीन मी कशीबशी घेतली असती. पण तिच्यासाठी सगळ्या सीड्यापण नव्या घ्यायच्या झाल्या तर दुकान बुडालंच. म्हणून ठरलं, जुन्या सीड्या नव्या मशीनवर चालल्या तर दुकान राहील. नाय चालल्या तर मी सामान बांधून वाशिंदला.

दुकानवाला टीव्हीला जोडायची वायर शोधायला आत गेला. तो येईपर्यंत सांगते. दुकानात चार माणसं बसली की किस्से साठतात. धूळ झाडून काढता येते, किस्से नाय! त्यात माझ्या दुकानात खेळणारे कमी आणि कंपनी पुढं काय काढणार यावर भांडणारे जास्त.

०००

नवरा गेला तेव्हा दुकानात भाड्याच्या सायकली होत्या. तासावर द्यायच्या. मग रिक्षा वाढल्या, सायकली भिंतीला टेकून गंजायला लागल्या. मी त्या विकल्या आणि कॅसेटवाली टीव्ही गेमची मशीन आणली.

जाऊबाई दारात येऊन उभ्या. "आगो, या वयात खेळणी मांडतेस? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "सायकल तासावर देत होते, तशी ही तासावर देणार. आणि हिला पंक्चरपण नाय!"

०००

शाळा माझी चौथीत सुटली. इंग्रजी मला मशीननं शिकवलं. स्टार्ट, पॉज, गेम ओव्हर. सगळ्यात जास्त गुण झाले की मशीन नाव विचारते, पण तीनच अक्षरं घेते. मी सखू, म्हणून एस, ए, के. गिरवून गिरवून हात बसला.

बँकेत गेले. साहेबानं अंगठ्याचं शाईचं पॅड पुढं केलं. मी ते सरकवलं बाजूला आणि ठसठशीत इंग्रजीत तीन अक्षरं काढली.

साहेब म्हणाला, "आजी, पूर्ण नाव लिहा."

"जपानची कंपनी एवढ्यावर वळखते मला," मी म्हटलं, "तू तर मुरबाडचा हायेस!"

०००

अक्षरं जुळायला लागली तशी मी मासिकातपण डोकं घालायला लागले. विलास कल्याण स्टेशनवरून गेमचं मासिक आणायचा. पगार झाला की आधी मासिक, मग घरी पाव. त्यात छापून यायचं की लढाईच्या अमुक खेळाचा चौथा भाग कंपनी बनवते आहे. झालं! चौथ्या भागात काय असणार यावर माझ्या दुकानात रोज सभा.

विलास म्हणायचा, पाण्याखालची लढाई असणार. भास्कर म्हणायचा, "कंपनी म्हणजे काय एसटी हाय? गाडी लागेल तेव्हा खरी!"

अशी दोघांची जुंपलेली असताना विलास एक दिवस कल्याणच्या बाजारातून कॅसेट घेऊन धावत आला. वर लिहिलेलं, भाग नऊ!

सगळे कॅसेटभोवती गोळा. जपानात चौथा भाग शिजतोय आणि मुरबाडात नववा हजर. मधले चार कुठं गेले? मशीनला लावला. आत पहिलाच भाग. फक्त हिरोची चड्डी निळीची हिरवी केलेली.

विलासचं तोंड एवढंसं झालं. भास्कर मात्र खूश. "बघ, जपानवाल्याला विचार करायला वेळ लागतो. कल्याणवाल्याला नाय लागत!"

०००

एका पावसाळ्यात मासिक मिळालंच नाही. मिळाला तो स्टँडवरच्या भजीचा कागद. उघडून बघतो तर येणाऱ्या नव्या खेळाचं चित्र! अर्धंच पान. एक माणूस बंदूक धरून उभा आणि त्याच्या मागे काळं, मोठं, पसरलेलं काहीतरी.

विलास म्हणाला, "डायनॉसोर."

भास्कर म्हणाला, "डायनॉसोरला एवढी मान असते, ह्याला मान कुठाय? हे रानडुक्कर हाय."

"जपानात रानडुक्कर कशाला येईल?"

"मग डायनॉसोर काय तुझ्या एमआयडीसीत येतो?"

मी म्हटलं, ती बाई आहे, केस सोडून बसलेली. त्यावर दोघंही मला हसले. मी पण हटले नाही. कागद भिंतीला चिकटवला. येणारा-जाणारा आपलं मत देऊन जायचा. पोस्टमननं सांगितलं जहाज आहे, औषधवाल्यानं सांगितलं धूर आहे.

पुढल्या वर्षी खेळ आला. माणूस तोच, बंदूक तीच. मागे काहीच नाही. मोकळी भिंत!

आम्ही पावसाळाभर भजीच्या तेलावर भांडत होतो.

०००

भास्कर तिकिटं फाडताना जेवढा हिशेबी, तेवढाच देवभोळा. गाड्यांच्या शर्यतीचा नवा खेळ दिवाळीच्या आत येणार का, असा त्यानं गावदेवीला कौल लावला. देवीला दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली! पठ्ठ्यानं स्टँडभर पेढे वाटले.

दिवाळी आली, गेली. खेळ काही आला नाही. भास्कर तणतणत गुरवाकडं. "देवीचा कौल खोटा कसा पडला?"

गुरव शांतपणे समईची वात सारखी करत म्हणाला, "देवी कशाला खोटं बोलेल? दिवाळीच्या आत म्हणालास. कुठली दिवाळी ते विचारलंस?"

०००

दुकानाचा एक कायदा मी घालून दिला होता. अंदाज करायचा तर मोठ्यानं, चारचौघांत करायचा, आणि चुकला तर दुकानापुढचं अंगण झाडायचं. मागाहून "मी तसं बोललोच नव्हतो" चालणार नाही.

एकदा कुस्ती-मारामारीच्या खेळाचा पुढचा भाग येणार होता. नवीन पैलवान कोण असतील? विलास म्हणाला रोबोट. भास्कर म्हणाला अस्वल. मी म्हटलं, "म्हातारी असणार."

असे हसले! विलासला तर ठसका लागला.

"का रे? म्हातारी मारत नाय? तुझ्या आजीला विचार जाऊन, तुझ्या आज्याला कुणी सरळ केलं ते!"

धसईची हौसा भाजी विकून, रिकाम्या पाट्या घेऊन गाडीची वाट बघत माझ्याच ओट्यावर टेकायची. ती म्हणाली, "सखूबाय, म्हातारी आली तर मी पण खेळाला बसते. गाडी गेली तर गेली!"

खेळ आला. रोबोट होता. अस्वल होतं. म्हातारी नव्हती. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मात्र होता, टुणटुण उड्या मारणारा.

कायदा म्हणजे कायदा. पदर खोचला आणि मी अंगण झाडलं, अगदी गटारापर्यंत. विलास उंबऱ्यात उभा राहून मजा बघत होता.

हौसा म्हणाली, "वाईट नको वाटून घेऊस गो."

मी म्हटलं, "वाईट कशाला? म्हातारा एकटा किती दिवस राहतोय बघू. भाकरीला मागे वळून बघेल तेव्हा कंपनीला म्हातारी काढायलाच लागेल!"

०००

तर ती पैज. कॅसेटवाली मशीन जाऊन दुकानात आता सीडीवाली एक मशीन होती. जुन्या सीड्या नव्या मशीनवर चालणार का, यावर माझ्याच दुकानात दोन तट पडले होते. विलास म्हणायचा चालणार, मासिकात छापलंय, कंपनीनं शब्द दिलाय. भास्कर म्हणायचा, "कंपनीला धंदा कळतो. जुनं चाललं तर नवीन घेईल कोण?"

मी विलासच्या बाजूनं. नवीन घर बांधलं म्हणून कुणी जुनी भांडी फेकतं काय? जपानी माणूस एवढा वेडा नसणार.

दुकानवाला वायर घेऊन आला. टीव्ही लागला. मी पिशवीतली माझी सगळ्यात लाडकी सीडी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. मशीननं ती गिळली. आत घुर्र झालं. पडदा काळा. मग लाल झाला आणि चार ओळी आल्या. एकेक अक्षर लावत मी वाचलं. ही सीडी चालत नाही, असं ती मशीन म्हणत होती.

दुसरी घातली. तेच. तिसरी घातली. तेच.

दिलीप म्हणाला, "झालं?"

विलास रडकुंडीला आला. "असं कसं? छापलं होतं! कंपनीनं शब्द दिला होता!"

दुकानवाल्यानं माझी सीडी काढून उलटीसुलटी केली. मग त्याच्या फळीवरची एक जुनी सीडी घातली. ती झटक्यात चालू! गाणं वाजलं, गाडी पळायला लागली.

"मावशी, कंपनी खोटं बोलली नाय," तो म्हणाला. "जुनी सीडी चालते. पण कंपनीची पायजे. तुमच्या सगळ्या इथल्याच, आमच्या मागच्या गल्लीत बनलेल्या."

म्हणजे विलासचंही खरं आणि भास्करचंही खरं. माझंच तेवढं घर बुडालं. भास्कर उगाच छताच्या पंख्याकडे बघत बसला.

दिलीपनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाईट पोरगा नाही तो. "आई, घरात टीव्ही हाय, गॅलरी हाय. आराम कर आता."

 माझं लक्ष काउंटरच्या मागे गेलं होतं. तिथे कोपऱ्यात जुन्या मशीन रचल्या होत्या, एकावर एक, ताटल्या रचतात तशा.

"त्या कुणाच्या रे?"

"लोक जुनी देतात नि नवी नेतात. ठेवायला जागा नाय. भंगारवाल्याला सांगितलंय."

"चालतात?"

"चालतात की. दोन मात्र उलट्या ठेवायला लागतात."

हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. आतलं भिंग झिजलं की मशीन पालथी घालायची, बरोबर चालते. माझी दोन वर्षं पालथीच चालू होती.

"यांच्यावर माझ्या सीड्या चालतात?"

"यांच्यावर कायपण चालतं, मावशी."

"भंगारवाल्याला सांग, येऊ नको म्हणावं. तो देणार तेच मी देते."

माझ्या दुकानात एकाच मशीनवर एका वेळी दोघंच खेळायचे आणि बाकीचे ओट्यावर ताटकळायचे, कंटाळून निघूनही जायचे. या मशीन मांडल्या की सगळे एकदम खेळतील. मी सीड्यांची पिशवी विलासच्या गळ्यात अडकवली, खाली बसले आणि मशीनच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

दिलीप समोर येऊन उभा राहिला. "आई, पैज हरलीस का नाय?"

"हरले."

"सीड्या नव्या मशीनवर चालल्या नाय, बरोबर?"

"बरोबर."

"मग ठरल्याप्रमाणं सामान बांधायचं."

मी सुतळीची गाठ दातानं आवळली आणि म्हटलं, "बांधतेच हाय की रे! तू नुसता उभा राहू नको, ती चौथी उचल, मुरबाडची गाडी लागलीय!"